गारिसाचा पूर आणि आपला पाऊस: रिफ्ट व्हॅली ज्वराविषयी

माळरान (धागाकर्ता)

१९९७ साल आठवून पाहा. प्रशांत महासागरात विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरकस एल निनोंपैकी एक उभा होता आणि आपल्याकडे दुष्काळ पडणार अशी धास्ती सगळ्यांनी घेतली होती. प्रत्यक्षात देशाचा मान्सून सरासरीच्या १०२ टक्के झाला. त्याचे बरेचसे श्रेय पुढे हिंदी महासागरातल्या द्विध्रुवाला, म्हणजे वर्तमानपत्रांतल्या आयओडीला, देण्यात आले. या महासागराची आफ्रिकेकडची बाजू नेहमीपेक्षा तापली आणि सुमात्राकडची गार पडली, की त्याला धन द्विध्रुव म्हणतात. साजी आणि यामागाता यांच्या गटाने १९९९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. आपल्याला तारणाऱ्या याच समुद्राने ऑक्टोबरनंतर पूर्व आफ्रिकेला झोडपून काढले. केनियाच्या ईशान्येला गारिसा नावाचा जिल्हा आहे, जिथे एरवी पाण्यासाठी गुरे मैलोनमैल हाकावी लागतात. तिथे त्या हंगामात आठवडेच्या आठवडे पाणी साचून राहिले आणि त्या पाण्यातून रिफ्ट व्हॅली ज्वर, म्हणजे जनावरांना आणि माणसांनाही होणारा एक विषाणूजन्य रोग, उठला. एकट्या गारिसा जिल्ह्यात सुमारे २७,५०० माणसांना लागण झाली असावी, असा अंदाज नंतर रक्ततपासणीवरून काढण्यात आला. शेळ्यामेंढ्या किती गेल्या, याचा हिशेब कोणाकडे असणार?

मी नैरोबीत अकरा वर्षे पशुखाद्याच्या धंद्यात काढली. मी पशुवैद्य नाही, पण ज्या गिऱ्हाइकांकडे रोजचे जाणे-येणे होते, त्यांच्या तोंडी या रोगाचे नाव आपल्याकडच्या लाळ्या-खुरकुतासारखे सहज येत असे. रोगाची पहिली नीट नोंद १९३० मध्ये नैवाशा सरोवराजवळच्या एका मेंढ्यांच्या फार्मवर झाली आणि डॉबनी, हडसन व गार्नहॅम यांनी पुढच्याच वर्षी विषाणू वेगळा करून दाखवला. गाभण मेंढ्या एकामागून एक गाभडू लागतात, अगदी आठवड्याभरात कळपच्या कळप रिकामा होतो, ही या रोगाची ओळख. आठवड्याच्या आतली कोकरे दहांतली नऊ तरी दगावतात. मोठी जनावरे त्या मानाने तग धरतात. माणसाला डासापासून लागण होऊ शकते, पण बहुतेकांना ती आजारी जनावर कापताना, अडलेली मेंढी सोडवताना, वार उचलताना किंवा कच्च्या दुधातून होते. बहुतेक जण ताप काढून बरे होतात, काहींची दृष्टी अधू होते आणि थोड्यांना रक्तस्राव होऊन मृत्यू येतो.

आता मुद्द्यावर येतो. हवामान बदलले की उष्णता वाढते, उष्णता वाढली की डास वाढतात आणि डास वाढले की रोग वाढतो, अशी सरळ साखळी आपण गृहीत धरतो. हा रोग त्या साखळीत बसत नाही. पूर्व आफ्रिकेच्या गवताळ पठारांवर दांबो नावाचे उथळ, बशीसारखे खोलगट भाग असतात. एडिस जातीचे काही डास, विशेषतः एडिस मॅकिंटोशाय, आपली अंडी पाण्यात न घालता पाणी ओसरत असताना काठच्या ओल्या चिखलात घालतात. तो चिखल वाळतो, भेगाळतो, त्यावरून गुरे चालतात आणि अंडी मात्र काही वर्षेसुद्धा जिवंत राहतात. पुढे कधीतरी एवढा पाऊस होतो की दांबो काठोकाठ भरतो आणि आठवडाभर भरलेला राहतो, तेव्हा ती सगळी अंडी एकदम फुटतात. केनियात लिंथिकम आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले, की अशा दांबोतून अळ्या गोळा करून प्रयोगशाळेत वाढवलेल्या, म्हणजे आयुष्यात कोणालाही न चावलेल्या डासांतही हा विषाणू सापडतो. याचा अर्थ तो आईकडून अंड्यात उतरला होता. रोग त्या मातीतच झोपलेला असतो.

हे मी एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. नैरोबीबाहेरच्या एका दांबोतली वीतभर लांबरुंद ढेप, वरून अगदी भाजलेल्या विटेसारखी कोरडी, एका परिचित कीटकशास्त्रज्ञाने बादलीत ठेवली, वर चार बोटे पाणी ओतले आणि तोंडाला मलमलीचे कापड बांधले. दुसऱ्या दिवशी दुपारी बादलीत वाकून पाहिले तर पापणीच्या केसाएवढ्या अळ्या झटके देत वरखाली करत होत्या. त्या ढेपेवरून त्या वर्षी किती गुरे गेली असतील, हा विचार तेव्हा मनात आला.

म्हणून या रोगाच्या बाबतीत नुसत्या तापमानापेक्षा कोरड्या वर्षांनंतर अचानक येणारा आणि टिकणारा पूर महत्त्वाचा ठरतो. मधल्या कोरड्या वर्षांत एक दुसरी गोष्टही घडते, ती म्हणजे पूर्वी रोग येऊन गेलेली, प्रतिकारशक्ती असलेली जनावरे विकली किंवा कापली जातात आणि कळपात सगळी नवी, अनोळखी रक्ताची जनावरे उरतात. पूर येतो तेव्हा डासही तयार आणि कळपही तयार. पावसाचे टोकाचे चढउतार वाढणार असतील, तर या रोगाला हवे तेच होणार आहे, असे माझे मत आहे. जाणकारांनी यात भर घालावी, चूक असेल तर दाखवावी.

मान्सूनवेडा

उत्तम विषय. समुद्राच्या बाजूने थोडी भर घालतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले होते, की पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी पृष्ठतापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी वाढले, जे उष्ण कटिबंधातल्या इतर समुद्रांच्या मानाने फार आहे. टोकाचे धन द्विध्रुव पुढे वारंवार येतील, असेही हवामानाची संगणकीय प्रतिमाने (मॉडेल्स) सांगतात. २०१९ हे त्याचे ठळक उदाहरण. त्या वर्षी आपला मान्सून ११० टक्के झाला, सप्टेंबर संपला तरी पाऊस हटेना, आणि त्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरात पूर्व आफ्रिका पाण्याखाली गेली.

पण एक सावधगिरीची सूचना. पूर्व आफ्रिकेत पावसाचे दोन हंगाम असतात, मार्च ते मे हा मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा छोटा. प्रतिमाने म्हणतात की तिथला पाऊस वाढेल, पण गेल्या काही दशकांत मोठ्या हंगामाचा पाऊस प्रत्यक्षात घटलेला आहे. या विसंगतीवर तज्ज्ञांचे अजून एकमत झालेले नाही. द्विध्रुवाचा संबंध मुख्यतः छोट्या हंगामाशी आहे, आणि १९९७ व २००६ या दोन्ही वेळी उद्रेक त्याच हंगामाच्या पोटातून आले. म्हणून ‘पाऊस वाढणार’ असे एका दमात न म्हणता ‘छोट्या हंगामातले पूर वाढण्याची शक्यता’ असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

शंकेखोर

लेख वाचनीय आहे, पण सगळे खापर हवामानावर फोडण्याची हल्लीची सवय मला खटकते. १९७७ मध्ये हा रोग इजिप्तमध्ये पहिल्यांदा गेला, तेव्हा तिथे कुठला एल निनो आडवा आला होता? आस्वानचे मोठे धरण १९७० मध्ये पूर्ण झाले, नाईलच्या खोऱ्यात बारमाही सिंचन पसरले आणि सुदानकडून गुरांचा व्यापार चालूच होता. सुमारे सहाशे माणसे दगावली. पुढे १९८६ मध्ये सेनेगल नदीवर डियामा धरण झाले आणि १९८७ मध्ये तिच्या मॉरिटानियाच्या काठावर उद्रेक झाला. पाणी माणसाने अडवले, गुरे माणसाने हलवली, मग दोष आकाशाला कसा?

माळरान

शंकेखोर, तुमचा आक्षेप मान्य आहे आणि तो लेखात यायला हवा होता. इजिप्तमध्ये विषाणू नेमका कसा पोहोचला यावर वाद आहे, पण पाऊस हे कारण कोणीच देत नाही. तिथे काम केले ते कुलेक्स डासांनी, जे कालव्यांत आणि साचलेल्या घाण पाण्यात बाराही महिने वाढतात. त्यामुळे या रोगाचे दोन टप्पे वेगळे पाहावे लागतात. पुराने एडिसची अंडी फुटतात आणि ठिणगी पडते. त्यानंतर त्याच पाण्यात बाहेरून आलेले कुलेक्स अंडी घालतात, संख्येने बेसुमार वाढतात आणि आग पसरवतात. धरण आणि कालवे दुसऱ्या टप्प्याला कायमचे इंधन पुरवतात.

तुमच्या बाजूचा आणखी एक पुरावा मीच देतो. सप्टेंबर २००० मध्ये हा रोग आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा गेला, सौदी अरेबियाच्या जिझान भागात आणि शेजारच्या येमेनमध्ये. तिथला विषाणू १९९७-९८ च्या पूर्व आफ्रिकेतल्या विषाणूशी अगदी जवळचा निघाला. तांबडा समुद्र डास ओलांडून गेले असतील यापेक्षा मेंढ्यांच्या जहाजातून तो गेला, हे जास्त पटण्याजोगे आहे. त्यानंतर सौदीने आफ्रिकेच्या शिंगाकडच्या, म्हणजे सोमालिया-इथिओपियाच्या पट्ट्यातल्या, जनावरांवर बंदी घातली, ती जवळजवळ २००९ पर्यंत चालली. ज्या सोमाली पशुपालकाचा वर्षाचा रोख पैसा हजच्या हंगामातल्या मेंढ्यांवर अवलंबून असतो, त्याचे काय झाले असेल, याची कल्पना करा. त्याच्या कळपाला रोग झाला नसला तरी तो बुडालाच.

तापमानाविषयीही थोडे. डासाने आजारी जनावराचे रक्त प्यायले म्हणजे तो लगेच रोग देत नाही. विषाणूला आतड्यातून लाळग्रंथीपर्यंत पोहोचायला काही दिवस लागतात आणि उष्णतेत ते दिवस कमी होतात. पण फार उष्णता झाली तर डासच लवकर मरतो. म्हणून तापमानवाढीचा फायदा रोगाला सरसकट होत नाही. आज जिथे थंडीमुळे विषाणूला डासाच्या आयुष्यात पोहोचायला वेळ पुरत नाही, अशा उंचावरच्या भागांना धोका अधिक. जो भाग आधीच तापलेला आहे, तिथे प्रश्न पाण्याचाच राहतो.

गव्हाण

मी अहिल्यानगर जिल्ह्यात गाई पाळतो, एचएफ संकराच्या एकोणीस आहेत. तुमचे आफ्रिकेचे वाचले आणि सगळे समजले असे म्हणणार नाही, पण डास आणि गुरे म्हटले की आम्हाला तिवा आठवतो. पूर्वी आमच्याकडे तिवा श्रावण-भाद्रपदात यायचा आणि दिवाळीपर्यंत संपायचा. गेल्या काही वर्षांत पाऊस लांबतो, ऑक्टोबरात धो-धो पडतो, आणि मग थंडी पडायच्या तोंडावरही जनावरे धरतात. गेल्या हंगामात माझी सर्वांत दुधाळ गाय संध्याकाळी खाता खाता थांबली, कान गार, अंग तापलेले, आणि सकाळी मागचा उजवा पाय ओढायला लागली. दुपारी तोच पाय बरा आणि डावा दुखरा. चोवीस लिटरची गाय दोन दिवस पाच लिटरवर आली आणि नंतर त्या वेतात कधी वीसच्या वर गेली नाही. हाही हवामानाचाच प्रकार समजायचा का?

पशुधन सेवानिवृत्त

गव्हाण, तुम्ही पाय बदलून लंगडण्याचे जे वर्णन केले आहे, ते तिव्याचे अगदी बरोबर लक्षण आहे. तिवा म्हणजे तीन दिवसांचा ताप. हाही विषाणू डास आणि चिलटे यांच्या चाव्यातून पसरतो, एका जनावराकडून दुसऱ्याकडे संसर्गाने जात नाही. मरतुक सहसा शंभरात एक-दोन, पण भारी वजनाचे बैल, वळू आणि दुधाळ गाई यांना त्रास जास्त होतो. आपल्याकडे याची लस नेहमीच्या वापरात नाही, ऑस्ट्रेलियात आहे. तिथे १९३६ पासून या रोगाच्या लाटा उत्तरेच्या पावसाळी भागातून दक्षिणेकडे उतरताना पाहिल्या गेल्या आणि हिवाळ्यातले दहिवर पडले की त्या थांबतात, असे आढळले. तेव्हा पाऊस लांबला आणि थंडी उशिरा आली, तर हंगाम लांबणार, हे तुमचे निरीक्षण शास्त्राला धरून आहे. तुमच्या तालुक्यापुरते ते सिद्ध करायचे तर मात्र वीस-पंचवीस वर्षांच्या तारीखवार नोंदी लागतील, आणि नोकरीची बत्तीस वर्षे काढल्यावर मी सांगतो, की बरे होणाऱ्या रोगाची नोंद कोणी ठेवत नाही. गाय तिसऱ्या दिवशी उठली की कागद संपला.

यानिमित्ताने एक गोष्ट सर्वांसाठी लिहितो. तिव्यात जनावराची गिळण्याची शक्ती मंदावलेली असते. अशा वेळी नळीने किंवा बाटलीने काढा, तेल, गूळपाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाते, आणि जे जनावर तापाने मेले नसते ते फुफ्फुसाच्या सुजेने मरते. बसलेल्या जनावराला सावली द्यावी, कूस बदलावी आणि बाकी उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने करावेत.

आणखी एक. गुरांचा चावऱ्या कीटकांशी संबंध असलेला प्रत्येक रोग एकाच मापाने मोजू नये. लम्पीचा विषाणू कीटकाच्या अंगात वाढत नाही, सोंडेला चिकटून जातो, आणि तो नेणाऱ्यांत डासांबरोबर गोठ्यातल्या चावऱ्या माश्याही आहेत. मेंढ्यांची निळी जीभ तर डासांमुळे होतच नाही, ती चिलटांमुळे होते. तरीही हवामानाचा धडा तिथेच सर्वांत स्वच्छ दिसला. १९९८ पासून हा रोग भूमध्य सागराभोवती पसरत गेला आणि ऑगस्ट २००६ मध्ये, अतिशय उष्ण अशा जुलैनंतर, नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी यांच्या सीमेवर उगवला. दक्षिणेची चिलटे तिथे पोहोचलीही नव्हती. स्थानिक चिलटांनीच ते काम अंगावर घेतले. आपल्या दख्खनी मेंढपाळांना हा रोग परतीच्या पावसानंतर जुनाच ओळखीचा आहे, पण त्या देशांतल्या डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात वाचला होता.

शंकेखोर

बरे, आता सरळ प्रश्न. रिफ्ट व्हॅली ज्वर भारतात येऊ शकतो का? की हा सगळा दूरचा पाहुणा आहे?

माळरान

भारतात त्याचा उद्रेक कधी नोंदलेला नाही. पण सौदीत ज्या डासांकडे संशयाचे बोट गेले, त्यात कुलेक्स ट्रायटिनिओऱ्हिंकस होता, आणि तो आपल्या भातखाचरांत भरपूर आहे. जपानी मेंदूज्वर पसरवणारा तोच. डास आहे, जनावरे आहेत, पूर आहेत. नाही तो फक्त विषाणू. आपल्याकडून आखाताकडे जनावरे जातात, तिकडून येत नाहीत, ही आतापर्यंतची आपली मोठी ढाल आहे. त्यामुळे मी घाबरवणार नाही.

मला जास्त बोलावेसे वाटते ते पूर्वसूचनेविषयी, कारण तिथे केनियाची गोष्ट फार शिकवणारी आहे. समुद्राचे तापमान आणि उपग्रहातून दिसणारा जमिनीचा हिरवेपणा यांवरून हा उद्रेक काही महिने आधी ओळखता येतो, हे लिंथिकम, अन्यांबा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडले. २००६ च्या शरद ऋतूत नासाच्या गटाने खरोखरच धोक्याचे नकाशे काढले आणि नोव्हेंबरात जागतिक अन्न व कृषी संघटनेनेही इशारा दिला. डिसेंबरात गारिसात माणसे आजारी पडू लागली. भाकीत तंतोतंत खरे ठरले. जनावरांचे लसीकरण सुरू झाले तेव्हा मात्र जानेवारी २००७ उजाडला होता, आणि मार्चपर्यंत केनियात माणसांतले ६८४ रुग्ण नोंदले गेले.

नंतर अभ्यासकांनी गावोगाव जाऊन पशुपालकांना विचारून कालक्रम मांडला. जोरदार पाऊस सुरू झाल्यापासून डासांचे थवे उठेपर्यंत सरासरी २३.६ दिवस, थव्यांपासून पहिले आजारी जनावर दिसेपर्यंत १६.८ दिवस, आणि तिथून पहिला माणूस आजारी पडेपर्यंत १७.५ दिवस. म्हणजे ढग फुटल्यापासून माणसापर्यंत जवळजवळ दोन महिने हातात होते. सोमाली पशुपालकांकडे या रोगाला नावही होते, सांदिक, म्हणजे नाकातून रक्त. त्यांनी रोग ओळखला होता आणि डासांचे थवे नेहमीसारखे नाहीत हेही ते सांगत होते. त्यांचे ऐकून कागदावर उतरवायला कोणी नव्हते.

यात केवळ आळशीपणा होता असे मी म्हणणार नाही. जुनी स्मिथबर्न लस स्वस्त आहे आणि एका मात्रेत काम करते, पण ती जिवंत विषाणूची असल्याने गाभण जनावर गाभडू शकते. म्हणजे पशुपालकाने, आकाशात एकही ढग नसताना, कोणीतरी समुद्र तापला म्हणून सांगतो एवढ्यावर, आपल्या गाभण मेंढ्या सुईपुढे उभ्या करायच्या. उद्रेक सुरू झाल्यावर लस टोचायची तर तीच सुई आजारी जनावरातून निरोगी जनावरात विषाणू नेते. भाकीत चुकले तर लस वाया जाते आणि पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवत नाही. उपग्रहाला हे काहीच दिसत नाही.

गव्हाण

लसीचे पटले. लम्पीच्या वर्षी आमच्या गावात शेळ्यांच्या देवीची लस आली, तेव्हा चार गोठ्यांत गाठी आधीच उठलेल्या होत्या, आणि ‘आधी का नाही’ या प्रश्नावर संबंधितांनी खांदे उडवले. पण खरे सांगायचे तर महिनाभर आधी कोणी आले असते, तर मीही म्हटले असते की गाय गाभण आहे, पुढच्या आठवड्यात या.

दुसरे, तुमची बादली मी करून पाहिली. म्हशींच्या डुंबायच्या खड्ड्यातली वाळलेली ढेप आणली, पाणी ओतले आणि गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पाण्यावर काजळीच्या कणासारखा, तीळभर लांब काळा तराफा तरंगताना दिसला, तो कचरा समजून सोडून दिला. सहाव्या दिवशी बादली अळ्यांनी भरलेली. मग आमच्या खड्ड्यातही ती थांबलेली अंडी आहेत असे समजायचे का?

माळरान

बादलीवर कापड बांधले होते का?

गव्हाण

नव्हते बांधले.

पशुधन सेवानिवृत्त

मग तो कचरा म्हणजे कुलेक्सच्या अंड्यांचा तराफा होता. एडिसची अंडी मातीत सुटी असतात, तराफा करत नाहीत. ढेपेतून काही आले नाही, तुमच्या गोठ्यातल्या डासांनीच रात्री येऊन बादलीचा ताबा घेतला. माळरान यांनी वर सांगितलेला दुसरा टप्पा तो हाच. बादली आजच मोकळ्या, कोरड्या जमिनीवर उपडी करा. गटारात ओतू नका, तिथे त्या मजेत वाढतील.

गव्हाण

ओतली. उन्हात फरशीवर ओतली. आता गव्हाणीमागची पाण्याची टाकी बघतो, तिलाही झाकण नाही.